नदीपलीकडे टॅक्स नाही

६ ऑक्टोबर, रविवार

डॉक्टरने सांगितलं, रोज ब्लडप्रेशर लिहून ठेवा. मशीन बिघडलंय, पण वही आणून झाली होती. ती वाया का घालवायची? तेव्हा रोज चार ओळी कामाचं लिहिणार. फापटपसारा नाही.

तळघरातला फ्रीझर मेला. रात्रीत गेला, हूं की चूं नाही. आत दोन साल्मन मासे आणि ब्लॅकबेरीचे डबे होते. सगळं फेकलं.

व्हर्ना हवालदिल. कारण १९ तारखेला मर्ल अर्धा बैल आणून टाकणार आहे. मर्ल म्हणजे आमचा खाटीक. तोडून, पाकिटं बांधून, गोठवून घरपोच देतो. अर्धा बैल म्हणजे दोनशे पौंडांच्या वर बीफ. पैसे व्हर्नाचे. तीन वर्षं लोकांच्या पँटी आखूड करून आणि चर्चच्या गायकांचे झगे शिवून साठवलेले. मी त्यात काही घालत होतो, तर घालू दिलं नाही. म्हणाली, हे माझं आहे, यात तुझं डोकं नको.

फ्रीझर मात्र माझ्या डोक्यावर. एकोणीसच्या आत घरात पाहिजे, ऑर्व्हिल, पाहिजे म्हणजे पाहिजे.

म्हटलं, उद्या आणतो. दुकानात जायचं, पैसे ठेवायचे, उचलायचा. एवढ्याशा गोष्टीचं लोक काय काय करून ठेवतात.

७ ऑक्टोबर, सोमवार

लॉफग्रेनबाईच्या दुकानात गेलो. गावात दुसरं दुकानच नाही. फ्रीझर चांगला आहे, पेटीसारखा, वरून झाकण. किमतीच्या चिठ्ठीवर ७४९ डॉलर. मोजून ७४९ घेऊन गेलो होतो.

काउंटरवर म्हणाली, ८११ डॉलर ९२ सेंट.

म्हटलं, बाई, चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचा. म्हणाली, वाचलंय, मीच लिहिलंय, वर टॅक्स. म्हटलं, मग चिठ्ठीवर का नाही लिहीत? म्हणाली, ऑर्व्हिल, एकाहत्तर वर्षं या राज्यात काढलीस. टॅक्स काल सुरू झाला का?

नाही झाला. पण दरवेळी काउंटरवर आलं की माझं डोकं फिरतं. वस्तूवर एक आकडा, तोंडी दुसरा. माणसाने असं केलं असतं तर त्याला लबाड म्हटलं असतं.

निघून आलो. रिकाम्या हाताने नाही. विचार घेऊन आलो.

संध्याकाळी. आठवीत शाळा सोडली आणि जन्मभर ओंडक्यांचा ट्रक चालवला, पण टक्के म्हणजे माझ्या हातचा मळ. दहा टक्के काढायचे तर पॉइंट एक घर डावीकडे सरकवायचा. ७४९ चे झाले ७४.९०. आपला टॅक्स आठ पॉइंट चार. म्हणजे दहातून जरासं उडवायचं. किती उडवायचं ते अंगात असावं लागतं. माझ्या अंगात आहे. साठच्या आसपास आलं. बाईने ६२.९२ लावलेत. बघून घेईन.

निश्चय: या फ्रीझरवर मी एक सेंट टॅक्स देणार नाही.

व्हर्नाला सांगितलं. म्हणाली, फ्रीझर कधी येतोय? म्हटलं, मी काय सांगतोय आणि तू काय विचारतेस.

९ ऑक्टोबर, बुधवार

विजय झाला असता.

लॉफग्रेनबाईने काचेवर बोर्ड लावलाय: या आठवड्यात तुमचा टॅक्स आम्ही भरू. माझ्यामुळेच लावला असणार. गेलो.

तिने बिल फाडलं. किंमत ६९०.९६. टॅक्स ५८.०४. एकूण ७४९. हसून म्हणाली, घे, चिठ्ठीवर आहे तेवढंच.

दुसरा कोणी असता तर फसला असता. मी बिल हातात घेतलं. म्हटलं, बाई, सोमवारी टॅक्स ६२.९२ होता. आज तुम्ही किंमत ५८.०४ नेच कमी केलीत. माझे चार डॉलर अठ्ठ्याऐंशी सेंट कुठे गेले?

बाई समजावायला लागली. म्हणे, समज शंभराची वस्तू आहे आणि टॅक्स दहा टक्के. झाले एकशेदहा. आता परत शंभरावर यायचंय. एकशेदहाचे दहा टक्के काढशील तर अकरा निघतील आणि नव्व्याण्णववर जाशील. चढताना शंभराचे टक्के, उतरताना एकशेदहाचे. म्हणून उतरताना टक्के कमी लागतात.

म्हटलं, मी डोंगरावरून ओंडके उतरवलेत. जेवढा चढलो तेवढाच उतरलो. चढताना आठ आणि उतरताना पावणेआठ असा रस्ता मी अजून पाहिला नाही.

मागे रांग लागली होती. कोणीतरी म्हणालं, प्रोफेसर, आटपा. आवाज लाइलचा होता. लाइल म्हणजे व्हर्नाचा धाकटा भाऊ. शाळेच्या ऑफिसात कारकून होता, त्यामुळे स्वतःला कोण समजतो.

शेवटी बाईने गल्ल्यातून पाचाची नोट काढली, काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, हे घे माझ्या पदरचे, फ्रीझर उचल आणि जा बाबा.

म्हटलं, पैशाचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे.

निघून आलो. दारातून वळून पाहिलं नाही.

रात्री व्हर्नाने ताटं जरा जोरातच ठेवली. मग एकदम म्हणाली, ती फुकट टॅक्स भरत होती, वर पाच डॉलर देत होती, आणि तू निघून आलास? म्हटलं, हो. म्हणाली, का? म्हटलं, तुला टक्के कळत नाहीत. म्हणाली, मला बीफ कळतं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

पहाटे सुचलं. इतकी सोपी गोष्ट.

नदीपलीकडे ओरेगन, म्हणजे वेगळं राज्य. ओरेगनमध्ये सेल्स टॅक्सच नाही. पूल ओलांडला की झालं. तिकडे चिठ्ठीवर ७४९ म्हणजे काउंटरवर ७४९. स्वच्छ.

व्हर्ना म्हणाली, ७४९ लाच डॅग्नी लॉफग्रेन देत होती. तिचा बोर्ड अजून आहे, शनिवारपर्यंत.

तिला समजावलं. कॉफीत माशी पडली आणि काढून टाकली, ती एक कॉफी. आणि जिच्यात माशी पडलीच नाही, ती दुसरी कॉफी. दोन्हींची किंमत एक असेल. तू कुठली पिशील?

व्हर्ना म्हणाली, मी फ्रीझर विचारतेय.

शनिवारी जाणार. ठरलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

पलीकडचं दुकान म्हणजे विमान ठेवायची शेड. ७४९ चा फ्रीझर होता. पण त्याच्या शेजारी १,०४९ चा होता. बघत उभा राहिलो आणि डोक्यात उजेड पडला.

७४९ वर मी किती टॅक्स वाचवतो? ६२.९२. आणि १,०४९ वर? त्यांच्या टायवाल्या माणसाकडून मशीनवर करून घेतलं: ८८.१२. म्हणजे जितकी महाग वस्तू, तितकी बचत जास्त! त्याच पुलावरून जायचं, तोच टोल, मग कमी बचत का करायची? ही गोष्ट शाळेत कोणी सांगत नाही.

मोठा घेतला.

तो टायवाला म्हणाला, घरपोच पाठवू का? म्हटलं, पाठवा. पत्ता विचारला. सांगितला. म्हणाला, अरे, नदीच्या त्या बाजूला? तिकडे पोचवला तर तिकडचा टॅक्स लावावा लागेल.

बघा. माशी पूल ओलांडून आली. म्हटलं, नको, मी स्वतः नेतो. गुरुवारपर्यंत ठेवतील. गुरुवारी कारण लाइल गुरुवारी मोकळा आहे. तसा तो रोज मोकळा असतो, पण मान्य फक्त गुरुवारी करतो.

घरी आलो. व्हर्ना म्हणाली, कितीला? म्हटलं, अठ्ठ्याऐंशी वाचवले. म्हणाली, ते नाही विचारलं. सांगितलं. मग म्हणाली, दोनच का नाही घेतलेस? श्रीमंत झालो असतो.

ती टोमणा मारत होती. पण हिशेबाने बरोबर आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

चर्चनंतर लाइल जेवायला. त्याने नवीन काढलं. म्हणे, प्रोफेसर, ओरेगनमधून आणलेली वस्तू इकडे वापरली तर राज्याला आपणहून कळवायचं असतं आणि तेवढाच टॅक्स भरायचा असतो. वापराचा टॅक्स. आठ पॉइंट चार.

म्हटलं, हे कोण करतं?

म्हणाला, मी करतो. गेल्या वर्षी पलीकडून टोस्टर आणला होता, त्याचे भरले.

त्या टोस्टरवाल्याकडे बघत बसलो. असल्या माणसांमुळे सरकार चढतं.

म्हटलं, माझा फ्रीझर कोण बघायला येतंय? लाइल म्हणाला, गाईच्या शवपेटीएवढा आहे म्हणतोस, विमानातून दिसेल.

व्हर्ना हसली. बुधवारनंतर पहिल्यांदा. तिचं हसू बरं वाटलं, विषय चुकीचा होता.

मी प्रामाणिक माणूस आहे. भरणार नाही असं म्हटलेलं नाही. कोणी विचारलेलं नाही, एवढंच म्हणतोय.

१४ ऑक्टोबर, सोमवार

व्हर्ना टेप घेऊन तळघराच्या दारात उभी. म्हणाली, फ्रीझर रुंद किती आहे? म्हटलं, फ्रीझरएवढा. म्हणाली, दार एकोणतीस इंच आहे. म्हटलं, तू मला दारं शिकवू नकोस. ऐंशी फुटी ओंडके वळणावरून घातलेत मी. म्हणाली, ओंडके तळघरात नव्हते घालायचे.

फोन करून विचार म्हणाली. करतो म्हटलं.

केला नाही. फोनवर ते वाजंत्री ऐकवत ठेवतात.

१७ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी

निघतोय. पिकअप धुतली. हवा चांगली. लाइल आला, हातात जाड हातमोजे, जणू ऑपरेशन करायचंय. संध्याकाळपर्यंत फ्रीझर तळघरात. शनिवारी बैल. व्हर्नाला सांगितलं, आता तरी चेहरा सरळ कर. म्हणाली, आत आलेला दिसू दे.

१७ ऑक्टोबर, रात्री

कंबर गेलीय, म्हणून थोडक्यात.

जाताना टोल. लाइलला नाश्ता, पॅनकेकच्या दोन प्लेटा, कारण मदतीला आलाय. पेट्रोल. बांधायचे पट्टे विसरलो होतो, ते विकत. येताना टोल. लाइल पेन काढून हातावर बेरीज करायला लागला. म्हटलं, यातलं एक तरी टॅक्स आहे का? म्हणाला, नाही. म्हटलं, मग पुसून टाक.

फ्रीझर उभा डुलत होता, म्हणून आडवा घातला. पुलावर वारा असा की स्टिअरिंग दोन हातांनी. खोका उडाला. आरशात पाहिलं, खोका नदीवरून घारीसारखा चालला होता. त्यावर माहिती लिहिलेली होती. माहिती काय, प्लग लावायचा आणि झाकण लावायचं.

घरी आणला. दार एकोणतीस. फ्रीझर तेहतीस.

दाराचं पान काढलं. एक इंच मिळाला. लाइल म्हणाला, तिरका करू. तिरका केला. अर्धा गेला. मग ना आत ना बाहेर. लाइल तळघरात, मी बाहेर, मधे फ्रीझर. तो आतून ओरडतोय, ढकल! मी ओरडतोय, तूच ढकल! शेवटी पट्टा बांधून पिकअपने बाहेर ओढला. एक लांब ओरखडा पडला, पण मागच्या बाजूला. मागची बाजू कोण बघतं?

लाइल वर आला तेव्हा डोक्यावर कोळिष्टकं. म्हणाला, प्रोफेसर, रस्ता एकच होता, पण जेवढा आत गेला तेवढाच बाहेर आला, तुझं तत्त्व खरं आहे.

फ्रीझर पुढच्या पोर्चवर ठेवला. तिथे जास्त बरा. तळघरात उतरायचे कष्ट वाचले. जाता जाता लाइलने बाजूचा स्टिकर वाचला. आडवा आणला असेल तर निदान एक दिवस उभा ठेवावा, मगच प्लग लावावा.

कंपन्या स्वतःची कातडी वाचवायला लिहितात. अर्धा तास उभा ठेवला. लावला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

पोर्चवरचा प्लग आणि शिवणाच्या खोलीतला प्लग एकाच लाइनवर आहेत, हे आज कळलं. दुपारी सगळं गेलं. व्हर्ना एका झग्याच्या बाहीत अर्ध्यावर. बाहेर येऊन माझ्याकडे बघितलं, फ्रीझरकडे बघितलं, परत आत गेली. हाताने शिवत बसली.

मीटरजवळचं बटण वर केलं. आता चालतोय. घरघर मजबूत आहे, ट्रकची आठवण येते.

संध्याकाळी. हात घालून पाहिला. थंड आहे.

तसा पोर्चही थंड आहे.

रात्री. व्हर्नाने विचारलं, आत बर्फ धरलाय का? म्हटलं, नवीन मॉडेलांत बर्फ धरत नाही. म्हणाली, ऑर्व्हिल, खरं सांग, उद्या जमेल ना? मी त्यासाठी किती पँटी आखूड केल्यात माहितीय?

म्हटलं, झोप. उद्या तू माझी माफी मागशील आणि मी मोठ्या मनाने देईन.

१९ ऑक्टोबर, शनिवार

मर्ल दहाला आला. छान माणूस. खोके उतरवले, पोर्च भरला. पाकिटं दगडासारखी गोठलेली, व्हर्नाचं नाव प्रत्येकावर. मर्लने फ्रीझरचं झाकण उघडलं, हात घातला, माझ्याकडे पाहिलं.

म्हणाला, यात कुत्रा झोपवलास तर त्याला ऊब मिळेल.

दिवा लागत होता. घरघर बंद होती. कधी बंद झाली कोण जाणे. प्लग काढला, लावला. लाथ घातली. पुन्हा नुसता दिवा.

मर्ल म्हणाला, बैलाचा दुसरा अर्धा गाडीत आहे, मला थांबता येणार नाही. आणि ऊन थेट पोर्चवर आलंय, म्हातारबा. गेला.

व्हर्ना बाहेर आली. शिवणाची टेप गळ्यात तशीच. खोक्यांवर हात ठेवून उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, माझी तीन वर्षं आहेत यात.

मी म्हटलं, पलीकडे जाऊन बदलून आणतो. तीन तास लागतील. म्हणाली, बस इथे. टेप गळ्यातून काढून माझ्या हातात दिली आणि रस्त्यावर गेली.

शेजारच्या बेकरांकडे. मग समोरच्या टूडीकडे. मग खाली, वळणापर्यंत, एकही दार सोडलं नाही. थोड्या वेळात लोक यायला लागले. कोणी ढकलगाडी घेऊन, कोणी पिकनिकचा बर्फाचा डबा घेऊन, टूडी तर बाबागाडी घेऊन. प्रत्येकाच्या फ्रीझरमध्ये कोपरा होता. लाइल आला आणि पाकिटं वाटून द्यायला लागला, पुन्हा तेच हातमोजे घालून. शेवटचे दोन खोके लॉफग्रेनबाईच्या व्हॅनमधून गेले. तिने दुकानातला ७४९ वाला सुरू करून ठेवला होता. माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. बोर्डबद्दल ब्र काढला नाही. बाई खुनशी आहे.

एकही पाकीट सुटलं नाही. एकंदरीत माझी योजना फसली असं म्हणता येणार नाही.

फक्त एक. व्हर्नाने सगळ्यांना सांगून टाकलं, जो ठेवील त्याने दहातलं एक पाकीट स्वतःला घ्यावं. दहा टक्के! मला न विचारता. मी कानाशी जाऊन म्हटलं, अगं, दहा फार होतात, आठ पॉइंट चार सांग.

म्हणाली, तो दर मागच्या आठवड्यात होता. तू सोडून आलास.

२० ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये पाचजणांनी विचारलं, प्रोफेसर, बैल कसा आहे? पाद्रीसुद्धा हसला. चर्चच्या स्वयंपाकघरातही आमचा एक खोका आहे, हे मला तिथे कळलं. म्हणजे देवही दहा टक्क्यांत.

दुपारचं जेवण सूप. घरात बीफ नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक घरातून मात्र वास येत होता.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

फ्रीझर परत केला. लाइलशिवाय, एकट्याने चढवला, म्हणजे मर्ल आणि त्याच्या भावाने चढवला. या वेळी उभा बांधला.

टायवाल्याने मागची बाजू बघितली. लोक बघतात. खोका कुठे? म्हटलं, नदीत. प्लग कधी लावला? म्हटलं, योग्य वेळी. त्याने कुणाला तरी फोन केला, मग म्हणाला, परत घेऊ, पण पंधरा टक्के कापून. १५७.३५.

एरवी भांडलो असतो. पण नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, यात टॅक्स किती? म्हणाला, टॅक्स नाही, कपात आहे. म्हटलं, मग हरकत नाही.

येताना पुलावर हिशेब लागला. लाइल म्हणत होता ना, वापराचा टॅक्स भरावा लागेल? आता नाही लागणार. वापर झालाच नाही. कुठल्याही बाजूने बघा, मी एक सेंट टॅक्स भरलेला नाही.

लाइलला मुद्दाम फोन करून सांगितलं. म्हणाला, ऑर्व्हिल, तू फक्त कधी दुकान काढू नकोस.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी डुलकी काढून उठलो तर दारात लॉफग्रेनबाईची व्हॅन. दोन माणसं ७४९ वाला तळघरात नेत होती. दारातून गेला. दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहिली. दाराचं पानही काढावं लागलं नाही.

व्हर्नाने घेतला. तिच्या पैशांनी. म्हणजे पुढच्या बैलासाठी जे साठवायला सुरुवात केली होती, त्या पैशांनी. बिल ओट्यावर होतं. ८११.९२.

म्हटलं, अगं, बोर्ड लावायला सांगायचंस! म्हणाली, बोर्ड गेला. म्हटलं, पाच डॉलर तरी मागायचेस! म्हणाली, दिले असते तिने. मला लाज वाटली.

माझ्याकडे कपातीनंतरचे ८९१.६५ आहेत. म्हटलं, हे घे, यातून भर. व्हर्नाने नोटांकडे पाहिलं. म्हणाली, ठेव तुझ्याकडे, तुझी बचत आहे.

म्हणजे तिला पटलंय की बचत झाली.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

शेजाऱ्यांनी बीफ परत आणलं. प्रत्येकाने दहातलं एक ठेवून. मोजून पाहिलं, कोणी लबाडी केलेली नाही.

पण एक गोष्ट लक्षात आली. टूडीने ठेवलं ते रिबआय स्टेक, बैलातला सगळ्यात भारी तुकडा. बेकरांनी ठेवलं ते रिबआय. पाद्रीने, रिबआय. परत आलेल्यात खिमा, खिमा, शेपूट, सूपची हाडं, खिमा. पाकिटांचे दहा टक्के आणि चवीचे दहा टक्के यांत केवढा फरक आहे! हे टक्केवारीत कोणी शिकवत नाही. टूडीला जाऊन समजावलं. तिने दार लावताना विचारलं, तुला हाडं परत घ्यायची नाहीत का?

लॉफग्रेनबाईने मात्र दोन्ही खोके अख्खे परत केले. एकही पाकीट ठेवलं नाही. विचारलं तर म्हणाली, व्हर्नाकडून मी टॅक्स घेतलाय, अजून काय घेऊ?

त्यात स्टेकचं एकच पाकीट निघालं. दोन तुकडे. व्हर्नाने ते वेगळं काढून ठेवलं. रविवारी करीन म्हणाली. बोलली हे महत्त्वाचं.

२७ ऑक्टोबर, रविवार

तळघरात फ्रीझर चालतोय. आवाज येत नाही, म्हणून दोनदा जाऊन पाहून आलो. बर्फ धरलाय. व्हर्ना सकाळपासून गुणगुणत होती. आपलं सगळं घरात आहे आणि थंड आहे, असं दोनदा म्हणाली. एकदा मला, एकदा स्वतःला.

जेवायला स्टेक. लोखंडी तव्यावर, लोणी, बटाटे. लाइलला बोलावलं नाही. तिने तव्यातून एक तुकडा माझ्या ताटात घातला. मी काटा उचलला. तेवढ्यात ती सुरी घेऊन वाकली, माझ्या तुकड्याची कड कापली, उचलून आपल्या ताटात ठेवली आणि खाली बसली.

म्हटलं, हे काय?

म्हणाली, चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं. काउंटरवर कळतं.

आणि खायला लागली. चवीने, डोळे मिटून.

मी बघत होतो. आठ पॉइंट चार नक्कीच नव्हते. दहाही नव्हते. चांगली जाड कड होती, चरबीवाली, बहुतेक वीस. तिने त्या दिवशी दिलेली टेप अजून खिशात होती.

काढली नाही.